आत्याच्या खोलीतलं बटण

१४ जुलै, सोमवार

“हाक आली की आधी ओ द्यायची. हातातलं काम त्यानंतर.” आत्या हे म्हणाली तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. पुस्तकात डोकं घालून बसले होते आणि तिने चारदा बोलावलं होतं. रागावली नव्हती, नुसतं सांगितलं. ती टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये होती. समोर मोठा बोर्ड, त्यावर दिवे. दिवा लागला म्हणजे कुणीतरी बोलावतंय. जॅक घालायचा, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं, मग पुढचं. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की दिवसभर हे करून घरी यायची आणि मला ओ द्यायला शिकवायची.

आज आठवलं, कारण सकाळी ती बराच वेळ पाणी मागत होती आणि मला ऐकू गेलं नाही.

मे महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती आमच्याकडे, कोथरूडला. तिची खोली मागे. माझं लिहायचं टेबल पुढे, बंद करून घेतलेल्या बाल्कनीत. मध्ये स्वयंपाकघर, दोन दारं, खालून बसेस. मोठ्याने हाक मारत नाही. “मला तहान लागली हे शेजाऱ्यांना कशाला कळायला हवं?” मोबाइलवर बोट घसरतं, भलत्यालाच फोन लागतो. परवा माझ्या प्रकाशकांना सांगितलं, आमटी गरम करून आण.

शिरीष, माझा नवरा, नोकरीला नाशिकला. शनिवारी येतो. फोनवर म्हणाला, बाजारात तयार बेल मिळते, घेऊन टाक. मी म्हटलं, मी बनवते. चार महिने दर रविवारी वारज्याला त्या बोर्ड-वायरवाल्यांच्या ग्रुपला जाते आहे, आतापर्यंत एक लुकलुकणारा दिवा आणि तुळशीची माती सुकली की ओरडणारं एक यंत्र, एवढंच झालंय. काहीतरी उपयोगाचं व्हावं.

१७ जुलै, गुरुवार

बेल झाली. म्हणजे झाली नाही.

बोर्ड माझ्या टेबलावर, लॅपटॉपला जोडलेला. तिथून भिंतीच्या कडेने वायर आत्याच्या पलंगापर्यंत. बटण साबणाच्या डबीत बसवलं, उशीशेजारी. बोर्डाला छोटा स्क्रीनही लावला, त्यावर वेळ आणि तिच्या औषधांची यादी. प्रोग्राम गोल फिरतो: वेळ दाखव, पाच सेकंद थांब, औषध दाखव, पाच सेकंद थांब, मग बटण दाबलंय का बघ. तो थांबलेला असताना बटण दाबून सोडलं तर त्याच्या गावीही नसतं.

आत्याने पाच वेळा दाबलं. वाजली एकदा. “आमच्याकडे नव्या मुली यायच्या ना, तशी आहे ही,” म्हणाली. “समोर दिवा लागलेला, आणि ह्या वेणी घालतायत.”

२० जुलै, रविवार

ग्रुपला रेणुकाला दाखवलं. ती मूळची अमरावतीची, इथे आयटीत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि ह्या विषयात माझी गुरू. कोड वाचून हसली. “ताई, तुम्हीच त्या बिचाऱ्याला डुलकी घ्यायला लावून राहिल्या, आन म्हणता ऐकत नाही.”

तिने इंटरप्ट शिकवला. बटण एका ठरावीक पिनवर लावायचं आणि सांगून ठेवायचं, इथे काही हललं की तू जे करत असशील ते आहे तिथे सोड, हे एक छोटं काम कर, मग परत ये आणि जिथे होतास तिथून पुढे चल. विचारलं, छोटं म्हणजे किती. म्हणाली, फक्त झेंडा वर करायचा. कुणीतरी आलं होतं एवढीच खूण. बेल वाजवणं वगैरे बाहेर आल्यावर, निवांत. आत बसून राहायचं नाही.

वहीत समोर लिहिलं: ओ.

घरी येऊन आत्याला सांगितलं. तिला मुळीच नवल वाटलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

बसून राहायचं नाही म्हटलं तरी बसलेच. वाटलं, बेल आतच वाजवून टाकू, झेंडे कशाला. पहिल्याच दाबाला सगळं थिजलं. स्क्रीनवरचं घड्याळ ११.०७ वर, बेल एका सुरात. प्लग काढावा लागला.

मग झेंडा केला. तर झेंडा वर जातो आणि लूपला, म्हणजे गोल फिरणाऱ्या त्या मुख्य प्रोग्रामला, दिसत नाही. दुपार गेली. शेवटी रेणुकाला मेसेज. उत्तर एका शब्दाचं, त्या झेंड्याच्या नावाआधी तो शब्द लिहायचा. ही किंमत बाहेरून कुणीतरी बदलू शकतं, दर वेळी नव्याने बघ, असं त्याने सांगितलं जातं. नाहीतर यंत्र स्वतःशी ठरवतं, मघाशी पाहिलं होतं की, कुणी नव्हतं.

लिहिला. चाललं.

२७ जुलै, रविवार

एकदा दाबलं की सात वेळा वाजत होती. बटणाच्या आतले पत्रे टेकताना थरथरतात आणि बोर्डाला ती थरथरही दिसते. रेणुका म्हणाली, एकदा दाब आला की पुढचे दोनशे मिलिसेकंद काहीही आलं तरी दुर्लक्ष करायचं. माणसाचं बोट त्याहून जलद चालत नाही. एक ओळ: दोनशे.

आता नीट. शि. पण म्हणाला, वा.

आत्याची एक अट होती. दिवा हवा. “माझी हाक गेली की नाही मला कसं कळणार?” तिच्या डबीत लाल दिवा घातला, सरळ बटणाच्याच वायरवर. बटण नीट दाबलं गेलं की लागतो, त्याला प्रोग्राम लागत नाही. तिने दाबलं, दिवा लागला, पलीकडे बेल वाजली, मी धावत आले. ती माझ्याकडे अशी बघत होती, शाळेत पहिला नंबर आला होता तेव्हा बघितलं होतं तशी.

मी तिच्या पलंगावर बसून थोडी रडले. उगीच.

३१ जुलै, गुरुवार

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. विषय काहीही चालेल, पण घरगुती, मनातलं. म्हटलं, आत्यासाठी बेल केली त्यावर लिहू का. “अहो, सुंदर. हेच हवंय लोकांना.” ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवा.

बेल आज अकरा वेळा. पाणी. पडदा. आज वार कोणता. पडदा पुन्हा. खाली कोण आलंय बघ. मी प्रत्येक वेळी उठून जाते आणि परत येते तेव्हा वाक्य गेलेलं असतं. बोर्डाला बरं जमतं, जिथे होता तिथून पुढे. मला नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी नऊ ते एक, सतरा.

प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. बटण दाबलं गेलं की लॅपटॉपवर एका छोट्या खिडकीत त्या क्षणाची वेळ लिहिली जाते. शि.ला दाखवायला. तो म्हणतो, तू वाढवून सांगतेस.

एकदा नुसतंच बोलावलं. गेले तर म्हणाली, “काही नाही गं. चालते का बघितलं.”

मी म्हटलं, चालते. दार जरा जोरात लागलं.

६ ऑगस्ट, बुधवार

बेलमध्ये थोडी सुधारणा केली. सकाळ चांगली गेली. तीन पानं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आत्याही आता कमी बोलावते. सवय झाली असेल. लेख पुढे सरकतोय. तिचा बोर्ड, माझा बोर्ड, ती आणि मी. सुरुवात तिच्या वाक्यानेच केली आहे. वाचून दाखवलं तर म्हणाली, छान, पण मी एवढी चांगली नव्हते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उद्या लिहीन.

१३ ऑगस्ट, बुधवार

लिहायचं. काही गाळायचं नाही.

सहा तारखेची ‘सुधारणा’ म्हणजे दोनशेच्या जागी मी सहा लाख लिहिले. सहा लाख मिलिसेकंद म्हणजे दहा मिनिटं. एकदा बेल वाजली की पुढची दहा मिनिटं आत्याने काहीही केलं तरी ती वाजायची नाही. थरथरीसाठी जी ओळ होती तिच्यात मी आत्याला घातलं. तिला सांगितलं नाही. शि.ला सांगितलं नाही. ह्या वहीतही ‘सुधारणा’ लिहिलं.

मनाशी म्हटलं होतं, दहा मिनिटांत काय होतं. खरंच तातडीचं असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा दाबेल.

काल अकराला बोलावलं. पंखा कमी कर. केला. परत येऊन बसले. मग बेल नाही. किती शांत, आज झोप लागली वाटतं तिला. लेखाचा शेवट लिहून झाला. सव्वाबारा वाजून गेल्यावर ताट वाढलं, तूप घातलं भातावर, आणि गुणगुणत आत गेले. गुणगुणत गेले हे लिहायलाच हवं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. साडी, चादर, खालची गादी, सगळं भिजलेलं. गार झालेलं. म्हणजे बराच वेळ झाला होता. एकटीने उठायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे आणि ती मीच रोज बजावते. म्हणून उठली नाही.

ताट कुठे ठेवलं आठवत नाही. तिला उठवलं, पुसलं, बदललं. मान खाली घालून हात वर करत होती, लहान मूल करतं तसे. चोवीस वर्षांची असल्यापासून एकटी राहिलेली, कुणाकडून घोटभर पाणीही न घेतलेली बाई.

मी विचारलं, बेल का नाही दाबलीस. हे मी विचारलं. माहीत असून.

ती म्हणाली, “माझंच बोट नीट बसलं नसेल. ह्या हातात आता जोर नाही गं.”

आणि मी गप्प बसले. ‘असेल’ पण म्हटलं नाही, ‘नाही’ पण नाही. चादर गोळा करत राहिले.

मग म्हणाली, मुकुंदाला सांगू नकोस. मुकुंद माझा धाकटा भाऊ. नाही सांगत म्हटलं. मला ते सोयीचंच होतं.

दुपारी लॅपटॉप उघडला. लेखाच्या मागे ती छोटी खिडकी उघडीच होती. ११.०६. ११.०७. ११.०७. ११.०७. ११.१२. ११.१३. अशा तेवीस ओळी. शेवटची ११.५२. मी ‘हाकेला ओ देण्याची रीत’ असं काहीतरी लिहीत होते तेव्हा त्याच पानाच्या मागे एकेक ओळ येत होती.

एक कळत नाही. दहा मिनिटांची अट होती. ११.१२ला किंवा त्याच्या पुढे तरी वाजायला हवी होती. का नाही वाजली?

आकडा परत दोनशे केला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी म्हणून मुकुंद आला. आत्यानेच बोलावलं होतं, स्वतःच्या मोबाइलवरून, मी भाजी आणायला गेले तेव्हा. ह्या वेळी बोट घसरलं नाही.

तिची पिशवी भरलेली. म्हणाली, काही दिवस बिबवेवाडीला राहते, मुकुंदाच्या पोरींना बघून किती दिवस झाले. मुकुंदाचं घर दोन खोल्यांचं. त्याची बायको सविता घरातूनच पोळी-भाजीचे डबे करते, सकाळपासून तीन-चार बायका ओट्याशी. मी म्हटलं, तिथे तुला झोप मिळणार नाही. आत्या म्हणाली, “झोप पुष्कळ झाली. तिथे समोरच पोळ्या लाटत असतात. बेल लागत नाही.”

मुकुंद जिन्यात म्हणाला, ताई, काही झालं का? मी म्हटलं, नाही रे, तिला बदल हवाय.

जाताना तिने साबणाची डबी उशीखालून काढून पलंगावर मधोमध ठेवली. वायर नीट गुंडाळून.

लेख काल पाठवला होता. संपादकांचा मेसेज आला आहे. डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

१७ ऑगस्ट, रविवार

ग्रुपला गेले. जाणार नव्हते. पण तो प्रश्न सोडेना. रेणुकाला जुना कोड दाखवला, म्हटलं, ही अट अशी का वागली.

तिला एक मिनिटही लागलं नाही. वेळ नोंदवायची ओळ कंसाच्या बाहेर राहिली होती. म्हणजे बटण दाबलं की, बेल वाजो न वाजो, ‘शेवटचं कधी दाबलं’ ते नव्याने लिहिलं जात होतं. दुर्लक्ष केलेला दाबही मोजला जात होता. प्रत्येक दाबाबरोबर दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

“दोनशेला हे चालून जाते,” ती म्हणाली. “थरथर थांबेपर्यंत पुढे ढकलते, चांगलंच आहे. पण हे सहा लाख काहून, ताई?”

मी म्हटलं, चुकून शून्यं जास्त पडली.

ती स्क्रीनकडेच बघत होती. “दोनशेचे सहा लाख चुकून नाही होत, ताई.”

आणखी काही विचारलं नाही. चहा आणून दिला. मी तो प्यायले आणि निघाले. रस्ताभर हिशोब एकच, ती जितकं बोलावत होती तितकं माझं दार लांब जात होतं. ११.५२ला तिने हात थांबवला. त्यानंतर दहा मिनिटं धरून, बारा वाजून तीन मिनिटांनी एकदा दाबलं असतं तर वाजली असती. तोपर्यंत गरज उरली नव्हती.

बरं वाटलं, हेही लिहायला हवं. कंस चुकला होता. तासभर मी नव्हतं ठरवलं. क्षणभर फार बरं वाटलं. मग सिग्नलला उभी असताना आठवलं की दहा मिनिटं मात्र माझ्या हातची आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आत्याची खोली झाडली. गादी गच्चीत वाळली आहे, आणून घातली. डबी हातात घेतली. बोर्ड चालू होता. सहज दाबलं.

लाल दिवा लागला.

सोडलं. पुन्हा हळूच, नखाच्या टोकाने, अगदी जोर न लावता. लागला. बोट नीट बसलं नसेल तर दिवा लागत नाही. दिवा लागला तर हाक गेली. हे मीच तिला सांगितलं होतं, आणि सांगायची गरजही नव्हती. तिने आयुष्यभर दिवेच पाहिले.

म्हणजे तेवीस वेळा तिच्या हातात दिवा लागला. तिला माहीत होतं की पोचतंय. आणि मी विचारलं तेव्हा तिने माझ्यासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. माझंच बोट.

तिने अंगावर पाणीही घेतलं नव्हतं अजून, आणि ती मला सावरत होती.

पलंगाच्या कडेला बराच वेळ बसले. दुसरं काही केलं नाही आज.

२३ ऑगस्ट, शनिवार

शि.ला सगळं सांगितलं. म्हणाला, चूक होते, एवढं नको लावून घेऊस. मी म्हटलं, चूक कंसाची होती. दुसरी चूक नव्हती. तो म्हणाला, मला सांगायचंस की जमत नाहीये. मीही सोमवार ते शुक्रवार इथे नसतोच ना. त्याचंही खरं आहे, पण त्यामागे मला लपायचं नाही.

संपादकांना फोन केला. लेख मागे घेते म्हटलं. कारण? म्हटलं, त्यात लिहिलंय ते खरं नाही. “अहो बाई, ललित आहे ते, पंचनामा नाही.” मी म्हटलं, तरी नको. मग म्हणाले, “आमची चार पानं मोकळी पडली. तेवढं लक्षात राहील आमच्या.” फोन ठेवला.

उद्या बिबवेवाडी.

२४ ऑगस्ट, रविवार

जशी आठवतात तशी वाक्यं.

आत्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, मांडीत ताट, लसूण सोलत होती. सविताने तिला काम दिलंय. आत पोळ्यांचा धूर, बायकांचं बोलणं. मुकुंद पोरींना घेऊन खाली गेला होता. मी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. आकडा, लेख, खिडकीतल्या वेळा. कंसाचंही सांगितलं, शेवटी.

ती सोलत होती. थांबली नाही.

“किती ठेवले होतेस?”

“दहा मिनिटं.”

“त्याचा तास कसा झाला?”

पुन्हा सांगितलं. ऐकताना तिने मान तिरकी केली, जुनी सवय, हेडफोन एका कानावर असायचा. “म्हणजे मी जेवढं दाबलं तेवढं लांबलं.”

“हो.”

“छान,” म्हणाली. माझ्यावर नाही, त्या रचनेवर, एखादा बिघाड सापडल्यावर म्हणावं तसं.

मी म्हटलं, आत्या, दिवा लागत होता ना. तुला माहीत होतं.

तेव्हा मात्र थांबली. लसणाची सालं ताटाच्या कडेला केली. मग सांगितलं. ती बोर्डावर असताना फोन करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. रोज दुपारी कॉल बुक करायचे, मुलाच्या गावी. मुलगा घ्यायचा नाही. मग ते हिच्याशीच बोलत बसायचे, लाइन लागली का, पुन्हा बघता का, तुमचं गाव कोणतं. बाकीच्या मुली त्यांचा दिवा लागला की तो हिच्यावर ढकलायच्या. “एकदा मीही कंटाळले. दिवा लागला की मी दुसरीकडे बघायची. दोन आठवडे बघितलं दुसरीकडे.”

मी विचारलं, मग?

“मग दिवा लागायचा बंद झाला.”

आतून सविताने विचारलं, आत्या, लसूण झाला का? ही म्हणाली, ओ, झाला, आणते. आणि मला म्हणाली, नेऊन दे.

मी नेऊन दिला. परत आले तेव्हा तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती. म्हटलं, घरी चल. बेल नको, काही नको. उत्तर लगेच आलं, ठेवणीतलं.

“इथे बरं आहे, सुजू. इथे कुणी लिहीत नाही.”

ती बोचावं म्हणून बोलली नाही. बोचलं नाही असंही नाही. निघताना माझ्या हातात डबा दिला सविताने, आणि आत्याने नेहमीसारखी पाठीवर हात फिरवून पदर नीट केला. मी पदर घेतलेला नव्हता, ओढणी होती. तीच नीट केली.

२५ ऑगस्ट, सोमवार

रेणुकाला मेसेज केला. शून्यं चुकून पडली नव्हती. मग तिचं आलं: “माहीत होतं ताई. माझी आई गावाकडं असते. तिचा फोन मी रोज सायलेंटवर टाकून राहिले. रविवारी या.”

‘ओ’ लिहिलं, पुसलं. ‘येते’ लिहिलं.

लिहायचं टेबल हलवलं. शि. काल रात्रीच्याऐवजी आज सकाळच्या गाडीने गेला, त्यासाठीच थांबला होता. टेबल दारातून निघेना, त्याचे पाय काढावे लागले. आता ते आत्याच्या खोलीत आहे, पलंगापासून चार हातांवर. बाल्कनी रिकामी. तिथे नुसती वायर लोंबतेय. बोर्ड काढला नाही, पण बेल काढून टाकली. बटण दाबलं की डबीत लाल दिवा लागतो आणि टेबलावर तसाच एक. मी समोर असेन. न दिसायला मान वळवावी लागेल.

हे सगळं ती नसताना. रिकाम्या पलंगासमोर बसून एक ओळ लिहिली नाही. खूप शांत आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. मुकुंद मखराचं सामान न्यायला इकडे येणार आहे दुपारी. त्याच्याबरोबर चिठ्ठी देते. फोनवर तिला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला ती हो म्हणते. मला तसलं हो नको.

तीन कागद फाडले. पहिल्यात फार रडारड होती. दुसऱ्यात सफाई होती. तिसरा वाचून असं वाटलं की हा अंकात छापता येईल, म्हणून फाडला.

शेवटी हे लिहिलं, इथे उतरवून ठेवते. ती ‘नाही’ म्हणेल. तेही ओ देऊन म्हणेल, तिची रीत आहे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाच, पेन्सिलने, दोन शब्दांत.

‘आत्या, टेबल तुझ्या खोलीत आणलं आहे. सकाळी दहा ते बारा मी लिहीन, तू समोर असशील. पंखा, पडदा, वार, खाली कोण आलंय, आणि नुसतं चालतं का बघायला, सगळ्याला बोलाव. मला कंटाळा येईल. माझ्या तोंडावर तो दिसेलही. तेव्हा तू लपवू नकोस, मीही लपवणार नाही. गौरी गेल्या की मुकुंदाला सांगून ठेव, मी न्यायला येते. येशील का?’